पक्का थांबा बांधण्याआधी बांबूचा नमुना उभा करा

माननीय संपादक,

महोदय,

बसथांबे, उद्यानांतील बाके, माहितीफलक, कचऱ्याचे डबे अशा सार्वजनिक वस्तूंचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते: कल्पना कोणाची आणि खर्च किती. ती वस्तू पक्की उभारण्याआधी कोणी वापरून पाहिली होती का, आणि उभारल्यानंतर तिचा उपयोग किती झाला हे कोणी मोजले का, असे क्वचितच कोणी विचारतो.

आमच्या भागातील एका बसथांब्याचे उदाहरण देतो. संगणकावर काढलेले त्याचे चित्र देखणे होते आणि शेडही चित्राबरहुकूम उभी राहिली. पण छप्पर उंच आणि पुढे जेमतेम हातभर आलेले असल्यामुळे जून-जुलैतली तिरपी सर थेट बाकावर पडते. बाक स्टीलचा, म्हणून मे महिन्यात दुपारी त्यावर टेकवत नाही. आणि बस ज्या बाजूने येते नेमक्या त्याच बाजूला जाहिरातीचा फलक बसवल्यामुळे ती दिसावी म्हणून प्रवाशांना रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहावे लागते. पाऊस जोराचा असला की वयस्कर मंडळी शेजारच्या गाड्याच्या ताडपत्रीखाली थांबतात. बांबू, प्लायवूड आणि ताडपत्रीचा पूर्ण मापाचा नमुना त्याच जागी पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उभा केला असता, तर छपराचा आणि फलकाचा दोष दुसऱ्याच दिवशी ध्यानात आला असता. बाकासाठी तर एक पत्रा उन्हात ठेवून त्यावर बसून पाहिले असते तरी पुरे होते.

असे नमुने बांधणार कोण, हा प्रश्न गोव्यात तरी पडू नये. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर उभे राहणारे नरकासुर, शिगम्यातील चित्ररथांवरची हलती पात्रे आणि चवथीची मखरे बांधणाऱ्या मुलांना बांबू, सुतळी आणि कागद यांतून पुरुषभर उंचीची वस्तू तोलून उभी करण्याचा सराव असतो, आणि हात हलत नसेल तर सांधा सोडून पुन्हा बांधण्याचा धीरही असतो. हे कौशल्य वर्षातून चार दिवसच कामाला येते, याची मला खंत वाटते.

संशोधनही याच बाजूने बोलते. जॅन्सन आणि स्मिथ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रचनाकारांना काम देताना सोबत एक तयार उदाहरण दाखवले, तेव्हा त्या उदाहरणातील चुकाही त्यांच्या आराखड्यांत उतरल्या. न सांडणाऱ्या कपाच्या रचनेत नळी वापरू नये अशी सूचना असूनही, उदाहरणात नळी होती म्हणून अनेकांनी ती आपल्याही आराखड्यात घातली. शेजारच्या गावातील शेडचा आराखडा जसाच्या तसा उचलण्याची आपल्याकडील रीत पाहिली की याचे आश्चर्य वाटत नाही. यावर उतारा काय, याचा एक धागा स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्हन डाऊ आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मांडलेल्या अभ्यासात सापडतो. एकाच मासिकासाठी इंटरनेटवरच्या जाहिराती करणाऱ्यांपैकी काहींना एकेक नमुना करून प्रत्येकावर अभिप्राय मिळाला, तर काहींना अनेक नमुने शेजारीशेजारी करून मग एकत्र अभिप्राय मिळाला. एकूण नमुने सारखेच असूनही दुसऱ्या गटाच्या जाहिराती अधिक वेगवेगळ्या ठरल्या आणि लोकांनी त्यांवर अधिक वेळा क्लिक केले. जाहिरात म्हणजे बसथांबा नव्हे, हे मान्य. तरीही एकाच आराखड्यात जीव गुंतण्याआधी तीन नमुने एकमेकांशेजारी पाहावेत, एवढे त्यातून घेता येते.

सर्जनशीलतेच्या चाचण्यांविषयी थोडक्यातच लिहितो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या १९५० च्या भाषणानंतर रुळलेल्या या चाचण्यांत कल्पना किती, किती प्रकारच्या आणि किती विरळा हे मोजतात. वर्गात ते ठीक आहे. महाविद्यालयीन स्पर्धांतही बहुधा तेवढ्यावरच बक्षीस दिले जाते आणि वस्तू कोणाच्या उपयोगी पडली का, हा प्रश्न परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाही.

कल्पनेच्या नावीन्यावर भाळण्याची किंमत आफ्रिकेतील ‘प्लेपंप’ने दाखवून दिली. मुलांनी गोल चक्रावर खेळावे आणि त्या फिरण्यातून पाणी वर यावे, ही कल्पना इतकी मोहक की तिला २००० साली जागतिक बँकेचा पुरस्कार मिळाला आणि २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरच्या मदतीची घोषणा झाली. किती पंप बसले हे मोजले जात होते. ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेसे पाणी मिळण्यासाठी मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल, असा हिशेब २००९ साली ‘गार्डियन’ने मांडला; प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते जड चक्र बायकाच हाताने फिरवत होत्या.

आपल्या खात्यांचे अहवालही ‘इतक्या शेड उभारल्या’ एवढ्यावरच थांबतात. मोजायचे ते वेगळे आहे: पावसात आणि कोरड्या दिवशी किती प्रवासी आत बसतात, किती बाहेर उभे राहतात, बस थांब्यावर थांबते की पुढे जाऊन थांबते. ही नोंद बांधकामाआधी, लगेच नंतर आणि नव्याची नवलाई ओसरल्यावर सहा महिन्यांनी अशी तीनदा व्हावी, आणि त्याच रस्त्यावरच्या जुन्या, न बदललेल्या थांब्यावरही व्हावी. नाहीतर बसफेऱ्या वाढल्याचे श्रेयही शेडच लाटेल. उच्च माध्यमिकचे विद्यार्थी वही-पेन घेऊन हे काम सहज करतील.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. संबंधित खात्यांनी आणि पंचायतींनी यापुढच्या निविदांत पूर्ण मापाच्या किमान तीन नमुन्यांसाठी स्वतंत्र रक्कम ठेवावी, त्यांची चाचणी पावसाळ्यात घ्यावी, ठेकेदाराच्या बिलाचा अखेरचा हप्ता सहा महिन्यांनंतरची नोंद हाती आल्यावरच द्यावा, आणि ती नोंद पंचायतीच्या फलकावर लावावी.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, फोंडा