बसऱ्याच्या भिंतीवरची आमची माणसे : माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : दोन्ही महायुद्धांत मेलेल्या, पण स्मारकांवर नाव नसलेल्या कोल्हापूरकडच्या सैनिकांचा दप्तरातून शोध घेण्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत नोकरी केलेला निवृत्त तलाठी. मोडी वाचता येते, म्हणून निवृत्तीनंतरही अभिलेख कक्षाची पायरी सुटलेली नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला आणि मीही पुन्हा दप्तरापुढे बसलो. त्या कामाच्या बाजूने-विरोधात कोणाचे काय मत असेल ते असो. ती पाने उलटताना दुसरेच काही नजरेला पडत गेले. त्यासाठी हे पत्र.

आधी थोडी मागची हकिकत. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळण्यासाठी ब्रिटिश साम्राज्याने १९१७ मध्ये एक आयोग नेमला. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणतात. हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव कोरायचे, हे त्याचे तत्त्व. फ्रान्समध्ये ते बऱ्यापैकी पाळले गेले. तिथे न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मात्र हात आखडला. बसऱ्याचे स्मारक १९२९ मध्ये झाले. सुमारे ४० हजार मृतांसाठी ते उभारले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव आहे, भारतीय अधिकाऱ्याचेही आहे. साध्या भारतीय शिपायाच्या वाट्याला आले ते पलटणीचे नाव आणि त्यापुढे मेलेल्यांची संख्या.

ही गोष्ट कोल्हापूरकरांना का लागावी? तर मेसोपोटेमियाच्या लढाईत मराठा पलटणी मोठ्या संख्येने होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती गेली. उपासमारीने आधीच खंगलेल्या त्या कैद्यांना वाळवंटातून पायी हाकत नेले आणि पुढे रेल्वेच्या कामाला जुंपले. त्यांतले कितीतरी वाटेतच संपले आणि कित्येकांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. या पलटणींत देशावरची माणसे होती, कोकणातली होती. इकडे राजर्षी शाहू महाराजांनीही सैन्यभरतीला हातभार लावलेला होता. त्यामुळे बसऱ्याच्या त्या आकड्यांत पंचगंगाकाठची माणसे आहेत, हे सांगायला संशोधक लागत नाही.

आयोगाच्या स्वतःच्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे सगळे कबूल केले. भारतीय आणि आफ्रिकी मृतांपैकी अंदाजे ४५ ते ५४ हजारांचे स्मरण दुजाभावाने झाले. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी किंवा अजिबातच नोंदले गेले नाहीत, असे तो अहवाल म्हणतो. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. आपल्याकडे चार दिवस बातम्या आल्या आणि विषय मिटला.

इतरांनी मात्र तो मिटू दिला नाही. पहिल्या महायुद्धातले पंजाबातील भरतीचे गावनिहाय रजिस्टर लाहोरच्या संग्रहालयात पडून होते. त्यातल्या सुमारे ३ लाख २० हजार नोंदी संगणकावर आणायचे काम ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींनी हाती घेतले. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला जानेवारी २०२५ मध्ये नवे स्मारक उघडले. मजूर दलातल्या १,७०० हून अधिक कृष्णवर्णीयांची नावे त्यावर शंभर वर्षांनी आली आणि तीसुद्धा त्यांच्याच देशाच्या लष्करी दप्तरातून. मुद्दा एवढाच, की आयोगाला पुरावा लागतो आणि पुरावा मेलेल्याच्या मुलखात असतो.

आता आमच्या मुलखाचे दप्तर. गावात कोण मेले ते जुन्या गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, मिळते, हे महसूल खात्यातला कोणीही सांगेल. पण बसऱ्याला मेलेला माणूस त्यात सापडणार नाही, कारण मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवायचा असतो. त्याला वारसाच्या नोंदीत शोधावे लागते. पन्हाळ्याकडच्या एका गावच्या कागदांत मला अशी एक नोंद मिळाली. मोडीत दीड ओळ : अमुक इसम लढाईवर असता मयत, खबर पत्राने आली. पुढे जमीन भावाच्या नावे आणि बायकोला पोटगी. पोटगी किती, हेही आहे. पलटण कोणती, कुठल्या लढाईत, काही नाही. पाटलाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. पण बापाचे नाव आहे, गाव आहे, साल आहे. आयोगाच्या यादीत भारतीय शिपायांच्या नावापुढे पुष्कळदा बापाचे नाव आणि गाव दिलेले असते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की जोडी लागते. ती लावायला माणूस मात्र इथलाच पाहिजे. इंग्रज कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले गाव कुठले, ते आमच्यासारख्याला लगेच उमगते. बीड नावाचे गाव करवीर तालुक्यातही आहे आणि वाशी म्हणजे नुसती नवी मुंबई नव्हे, हे इंग्लंडच्या माणसाला कोण सांगणार?

दुसरा प्रकार मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण ही माणसे आकड्यातसुद्धा धरलेली नसण्याची भीती आहे. पहिल्या युद्धासाठी आयोगाची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ अशी आहे. या काळात नोकरीत असलेला सैनिक कशानेही मेला तरी तो युद्धमृत धरतात. नाव कमी करून घरी पाठवलेला सैनिक नोकरीत जडलेल्या दुखण्याने मेला तर तोही धरतात. आता १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आठवा. गावेच्या गावे आजारी पडली होती. नमुना १४ च्या एका पानावर सलग मानमोडीने मेलेले लोक आहेत. त्यांत एका तेवीस वर्षांच्या मुलापुढे, रकाना नसल्यामुळे, कडेला बारीक अक्षरात लिहिले आहे : पलटणीतून रजेवर आलेला. नियमाने हा मुलगा युद्धमृत आहे. आयोगाच्या यादीत त्याचे नाव मला सापडले नाही. त्याच्या बापाने कोणाला कळवले असेल आणि कळवून कोणी ऐकले असेल?

डोलीवाले, खेचरवाले, भिश्ती, मजूर दलातले लोक यांचे तर विचारूच नका. लष्कर त्यांना सैनिक मानत नव्हते, म्हणून कागदही तसाच ढिला ठेवला. आयोगाच्या अहवालात मजूर आणि वाहतुकीच्या माणसांची कुचंबणा जागोजागी दिसते. आपल्याकडे ही कामे करायला कोणत्या वस्तीतून माणसे गेली असतील ते सांगायला नको. त्यांच्या नावावर जमीन नसे, म्हणून वारसाच्या नोंदीतही ते येत नाहीत. त्यांच्यासाठी नमुना १४ आणि घरोघरी जपलेली पत्रे व पदके एवढाच आधार. पदकाच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे कित्येक घरांना माहीतही नसते. भंगारात विकलेली पदके किती, देव जाणे.

एका कार्यालयात मला सांगण्यात आले, की ती इंग्रजांची लढाई होती, त्यांचे त्यांनी बघावे. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण मग मराठा लाइट इन्फंट्री आजही जुन्या लढायांचे मान का मिरवते? यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात आपण त्यांचा पुतळा अभिमानाने उभा केला. ते गेले तेव्हा राज्य इंग्रजांचेच होते. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर स्वातंत्र्यानंतरची नावे आहेत आणि इंडिया गेटवर सुमारे १३ हजार. पहिल्या युद्धात भारताचे ७४ हजारांच्या आसपास सैनिक मेले. बाकीच्यांपैकी पुष्कळांना ना तिकडे जागा, ना इकडे. पोटासाठी गेला म्हणून माणसाचे नाव पुसायचे असेल, तर आजच्या भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांना आपण काय सांगणार?

आता मागणी. कुणबी नोंदींसाठी तालुक्यातालुक्यात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे, सुटले आणि मोडी वाचक नेमले गेले. जी पाने कामाची नव्हती, म्हणजे ज्यांत ‘कुणबी’ नव्हते, ती परत बांधून ठेवली. तेच रुमाल, तेच वाचक आणि तीच पद्धत वापरून पलटण, लढाई, शिपाई, रजेवर असे शब्द आले की त्या पानाची प्रत काढायची आणि एका साध्या तक्त्यात भरायची, असा शासन निर्णय आपण काढावा. सुरुवात कोल्हापूर जिल्ह्यापासून करा. संस्थानच्या काळातले दप्तर इथल्या पुराभिलेखागारात आहे. ते सांस्कृतिक कार्य विभागाकडे येते, म्हणून त्या मंत्र्यांशी आपल्यालाच बोलावे लागेल. आमच्यासारख्याचा अर्ज दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडतो. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून जुने रोल, म्हणजे सैनिकांच्या याद्या, पडताळायची परवानगी मागावी. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांकडे एक टेबल असे असावे, जिथे घरचे लोक पदक, पत्र, फोटो घेऊन जातील, नक्कल काढून मूळ वस्तू तिथल्या तिथे परत मिळेल, आणि तयार झालेले प्रकरण आयोगाकडे पाठवायची जबाबदारी त्या टेबलाची असेल. एकट्यादुकट्या नातवाने इंग्रजीत आयोगाशी पत्रव्यवहार करावा ही अपेक्षा फोल आहे.

पैशाची मागणी यात कुठेही नाही. वारसांना भरपाई, पेन्शन असले काही मी मागत नाही. तशी आशा कोणी गावात दाखवू नये, अशी उलट विनंती आहे. तसे झाले तर खोट्या नोंदी निघायला वेळ लागणार नाही आणि खऱ्या नोंदींवरचा विश्वासही जाईल. नोकरीभर हेच पाहिले आहे.

घाई का, तेही सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ-करवीरच्या गावांत काय काय भिजले ते आपण जाणता. दप्तरही कागदच आहे. आणि मोडी सहज वाचणारे आम्ही जे उरलो आहोत, ते बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहोत. शासन निर्णय निघाला तर करवीर आणि पन्हाळा तालुक्यांचे वाचन मी विनामानधन करायला तयार आहे, आणखी दोघे-तिघे सोबतीही मिळतील. आम्हाला फक्त अभिलेख कक्षात बसायची लेखी परवानगी आणि उजेडाची जागा द्यावी.

आपला,
एक निवृत्त तलाठी,
कोल्हापूर