तांबूची गाठ

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हाडाच्या कर्करोगामुळे आपल्या कुत्र्याचा पुढचा डावा पाय काढून झाला, आणि आता तांबूच्या अंगावर नवी गाठ लागल्याचे कळल्यावर तू फोनवर एकच प्रश्न विचारलास, "मग आपण पाय काढला तो कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. उत्तराकडे येण्यापूर्वी गाठीची सर्व हकिगत तुझ्यासमोर ठेवतो, कारण अर्धवट माहितीवर मन नेहमी वाईटाकडेच धावते आणि तू तर दूर आहेस.

गाठ उजव्या बाजूस आहे, म्हणजे पाय शाबूत आहे त्या बाजूस, कोपराच्या थोडी मागे, बरगड्यांवर, कातडीखाली. सुमारे दीड सेंटीमीटरची असावी. बोटाने हलकेच ढकलली तर सरकते. खालच्या हाडाला किंवा स्नायूला चिकटलेली वाटत नाही. तिच्यावरची कातडी लाल नाही, केस गळलेले नाहीत आणि हात लावला तरी तांबू मान वळवूनही पाहत नाही. कुत्र्याच्या शरीराचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते आणि डावा पाय गेल्यापासून त्यातला बहुतेक भार उजव्या पायाकडे आला आहे. म्हणून डॉक्टरांनी तो खांदा रोज हलक्या हाताने चोळायला सांगितले आहे, आणि तसे चोळतानाच ती माझ्या बोटांना लागली. प्रथम मला तो ताणलेला स्नायू वाटला; पण स्नायू बोटाखालून असा निसटत नाही. ती किती दिवसांची आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वी आपण त्याला कुरवाळत होतो, पण बोटे टेकवून तपासत कधीच नव्हतो, आणि त्या जागी त्याचे केस चांगले दाट आहेत.

डावीकडे जखमेखाली जो फुगवटा आला होता, त्याच्याशी या गाठीची गल्लत करू नकोस. तो सेरोमा होता. खांद्याच्या फऱ्यासकट पाय काढल्यावर कातडीखाली जी पोकळी उरते, तिच्यात शरीरातले पातळ पाणी झिरपून साठते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत तो दिसू लागतो, हाताला मऊ आणि डुचमळणारा लागतो, दुखत नाही, गरम नसतो, आणि बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जिरतो. सुईने ते पाणी काढून टाकण्याचा मोह होतो, पण प्रत्येक वेळी सुईबरोबर जंतू आत जाण्याचा धोका असतो आणि पाणी पुन्हा साठते ते साठतेच, म्हणून डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही. तो आता बराच ओसरला आहे. तो गरम झाला असता, दुखू लागला असता, टाक्यांतून पू आला असता किंवा तांबूला ताप चढला असता, तर पू धरल्याची शंका घेणे भाग होते. तसे काहीही झाले नाही. टाक्यांच्या रेषेवर दोन बारीक कडक गुठळ्या लागतात. त्या आतल्या दोऱ्याभोवतीच्या आहेत आणि दोरा विरघळला की जातील, असे डॉक्टर म्हणाले.

उजवीकडची गाठ मात्र जखमेपासून लांब असल्यामुळे तिला शस्त्रक्रियेच्या खाती टाकता येत नाही. म्हणून टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता मी त्याला दाखवून आणले. डॉक्टरांनी गाठ मोजली, नोंद केली, जबड्याखालच्या, खांद्यापुढच्या, काखेतल्या आणि गुडघ्यामागच्या लसिका ग्रंथी चाचपल्या आणि बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचपट्टीवर घेतल्या. भूल द्यावी लागली नाही. मी त्याचे डोके धरून बसलो होतो आणि सुई टोचल्याचे त्याला फारसे जाणवलेही नाही. काचपट्ट्या तपासणीला गेल्या आहेत.

सुई कशाला, हाताला तर चरबीची गाठ वाटते ना, असे मीही विचारले. त्यांनी दिलेले उत्तर मला पटले. मऊ, सरकणारी, न दुखणारी गाठ वयस्क कुत्र्यांत पुष्कळदा निव्वळ चरबीचीच असते. परंतु मास्ट सेल ट्यूमर नावाची कातडीची गाठ हाताला हुबेहूब तशीच लागू शकते, आणि ती कर्करोगाची असते. तिच्या पेशींत हिस्टामिन नावाचे सूज आणणारे द्रव्य साठवलेले असते, त्यामुळे ती दाबली, चिवडली तर एकाएकी सुजते, लाल होते आणि काही तासांनी पुन्हा लहानही होते. बोटांना या दोहोंतला फरक कळत नाही, मग ती बोटे डॉक्टरांची असली तरी. म्हणून अहवाल येईपर्यंत मी गाठ रोज चाचपत नाही. रोज दाबून पाहिल्याने माहिती वाढत नाही आणि त्रास मात्र वाढू शकतो. दर आठवड्याला पट्टी शेजारी ठेवून एक फोटो काढीन आणि तुला पाठवीन.

हाडाचाच आजार इथे फुटून आला का, ही तुझी खरी भीती आहे, आणि ती मी टाळून पुढे जाणार नाही. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे त्याचा हाडाचा कर्करोग, पसरतो तो मुख्यतः रक्तावाटे फुफ्फुसांत, आणि त्याखालोखाल इतर हाडांत. कातडीखाली तो क्वचितच येतो. त्यामुळे ही गाठ वेगळ्याच कारणाची असण्याचा संभव अधिक आहे. मात्र शस्त्रक्रियेपूर्वीचा छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, याचा अर्थ फुफ्फुसांत काहीच नाही असा होत नाही. एक्स-रेत दिसण्याइतके मोठे काही नाही, एवढाच होतो. या आजारात बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात निदानाच्या वेळीच न दिसणाऱ्या पेशी पसरलेल्या असतात, आणि म्हणूनच पाय काढल्यावर कीमो सुचवली जाते. नुसता पाय काढला तर निम्मी कुत्री साधारण चार ते सहा महिन्यांपलीकडे जगत नाहीत. कीमोची जोड दिली तर हा काळ दहा ते बारा महिन्यांच्या आसपास जातो. हे आकडे तू आणि मी दोघांनीही पाय काढण्यापूर्वीच ऐकले होते.

आता तुझा प्रश्न. आपण पाय काढला तो आजार संपवण्यासाठी नव्हे, मृणाल, तर त्याची वेदना संपवण्यासाठी. मनगटाच्या वरचे त्याचे हाड आतून पोखरले जात होते. असे हाड साध्या उडीनेही मोडते आणि ते पुन्हा सांधत नाही. शेवटच्या दिवसांत वेदनाशामक औषधे पूर्ण मात्रेत देऊनही तो रात्री एका जागी निजत नव्हता. उठायचा, पाय अधांतरी धरून उभा राहायचा, पुन्हा बसायचा, आणि मी जवळ गेलो तर तोंड फिरवायचा. तू त्या वेळी इथे होतीस, तुला हे सांगायला नको. आज तो डाव्या कुशीखेरीज कसाही झोपतो आणि सलग झोपतो. मागच्या दोन पायांवर भार घेऊन पुढच्या एका पायाने टप्पे टाकीत दारापर्यंत जातो. वळताना अजून तोल जातो, म्हणून छातीखालून पट्टा धरावा लागतो, आणि गुळगुळीत फरशीवर मी चटया अंथरल्या आहेत. कधी कधी झोपेतून एकदम दचकून तो कापलेल्या बाजूकडे पाहतो. ही गेलेल्या पायाची वेदना असू शकते, त्यासाठी गॅबापेंटिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध चालू आहे आणि असे दचकणे कमी होत आहे. ज्या दुखण्यासाठी आपण तो निर्णय घेतला ते दुखणे गेले आहे. उजव्या बरगडीवरची गाठ चरबीची निघो वा आणखी कशाची, ते दुखणे ती परत आणू शकत नाही. म्हणून पाय काढला तो बरोबर की चूक, हे तू या गाठीच्या अहवालावरून ठरवू नयेस.

पुढचे सांगतो. टाके निघाल्यावर कार्बोप्लॅटिन या कीमोच्या औषधाचा पहिला डोस द्यायचा होता. अहवाल हाती येईपर्यंत डॉक्टरांनी तो थांबवला आहे. चरबीची गाठ निघाली तर तिला हात लावायचा नाही, फक्त मोजत राहायचे आणि ठरल्याप्रमाणे कीमो सुरू करायची. मास्ट सेल निघाली तर आजूबाजूच्या निरोगी कातडीसह ती काढावी लागेल, आणि आधी शस्त्रक्रिया की आधी कीमो, हे ठरवावे लागेल. नमुन्यात पुरेशा पेशी आल्या नाहीत असेही उत्तर येऊ शकते. तेव्हा पुन्हा सुई किंवा छोटी बायोप्सी. आणि हाडाच्याच आजाराच्या पेशी निघाल्या, तर माझे मत आताच लिहून ठेवतो: त्याला पुन्हा टेबलावर घालू नये, वेदना आवाक्यात ठेवणारी औषधे द्यावीत आणि उरलेले दिवस त्याच्या कलाने जाऊ द्यावेत. हे माझे मत आहे. तांबू तुझा आहे, निर्णय तुझाच राहील, आणि तू वेगळे ठरवलेस तरी मी ते तितक्याच मनापासून पार पाडीन.

दरम्यान तो झोपलेला असताना मी श्वास मोजतो. मिनिटाला ३० च्या आत आहेत. हिरड्या गुलाबी आहेत, भूक परतली आहे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, श्वास वाढला किंवा गाठ एकाएकी सुजली, तर तुला कळवण्यापूर्वीच मी त्याला घेऊन निघेन, हे लक्षात असू दे.

अहवाल आला की डॉक्टर मला फोन करणार आहेत. त्या बोलण्यात तुलाही जोडून घ्यावे, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. तुझे प्रश्न लिहून ठेव, कारण ऐन वेळी सुचत नाहीत. रजेचा अर्ज त्यानंतरच कर. शस्त्रक्रिया ठरली तर त्या दिवशी तू इथे असणे त्याच्या आणि माझ्याही दृष्टीने अधिक उपयोगाचे होईल.

तुझे,
बाबा