कायदेपंडितांची रिकामी खुर्ची: केंद्रीय कायदामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

९ एप्रिल २०२४ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडमधल्या वृद्ध महिलांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. हवामान बदलाला आळा घालण्यात सरकार कमी पडले आणि त्यामुळे मानवी हक्कांचा भंग झाला, असे १७ पैकी १६ न्यायाधीशांचे मत पडले. त्या पीठाच्या अध्यक्ष होत्या आयर्लंडच्या शीफ्रा ओ'लिअरी. त्या न्यायालयाच्या अध्यक्षपदी २०२२ साली आलेल्या त्या पहिल्याच महिला.

साहेब, हे पत्र लिहिते आहे ते त्या तिथवर कशा पोहोचल्या हे सांगण्यासाठी. डब्लिनला कायद्याची पदवी, फ्लॉरेन्सला युरोपीय नागरिकत्वावर डॉक्टरेट, काही काळ अध्यापन. मग लक्झेंबर्गला युरोपीय संघाच्या न्यायालयात जवळपास दोन दशके न्यायाधीशांच्या कक्षात मसुदे आणि टिपणे तयार करण्याचे काम. त्याच काळात कामगार कायद्यावर ग्रंथ लिहिला, ब्रूजला शिकवलेही. गाजलेले खटले लढवून मिळवलेले नाव त्यांच्यामागे नव्हते. तरी २०१५ मध्ये त्या स्ट्रासबर्गला न्यायाधीश झाल्या, कारण युरोपीय मानवी हक्क करारात उच्च न्यायिक पदाच्या पात्रतेबरोबर मान्यताप्राप्त कायदेपंडित, म्हणजे कायद्याचा जाणकार अभ्यासक, असणे हीही स्वतंत्र पात्रता आहे.

अशी तरतूद आपल्याकडेही आहे. २४ मे १९४९ रोजी ह. वि. कामतांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली, ती स्वीकारली गेली आणि अनुच्छेद १२४(३) मध्ये नामांकित कायदेपंडितालाही सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडे झाले. १९५० पासून आजपर्यंत त्या दारातून एकही व्यक्ती आत गेलेली नाही. उच्च न्यायालयांसाठी अशीच तरतूद १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली आणि ४४ व्या दुरुस्तीने गेलीही.

देशात योग्य माणसेच नव्हती, असे कोणी म्हणू नये. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले ते उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी. संमती आणि शरणागती यांतला फरक त्यांनी न्यायालयाला दाखवला. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. ज्यांना हे दिसले, त्यांच्यापैकी एकही जण त्या पीठावर असायला नको होता का? आमच्या पुण्यात सत्यरंजन साठे यांनी न्यायालयीन सक्रियतेवर आयुष्यभर काम केले. तेही वर्गातच राहिले.

शिफारस कॉलेजियमने, म्हणजे सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, करायची असते, हे मला ठाऊक आहे. पण नियुक्तीची कार्यपद्धती सरकार सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करूनच ठरवते. त्या कार्यपद्धतीत अध्यापकांची आणि संशोधकांची नावे कोणी सुचवायची, त्यांच्या लेखनाची पारख कोणी करायची, हे स्पष्ट लिहून घ्या. सरकारला सोयीचे पंडित निवडले जातील ही भीती खरी आहे. म्हणूनच निकष आणि कारणे जाहीर व्हायला हवीत. आयर्लंडनेही २०२३ च्या कायद्याने, वकिलीच्या अनुभवाची अट ठेवून, कायद्याच्या अभ्यासकांना आपल्या न्यायालयांत प्रवेश दिला.

पुढची जागा रिकामी होण्याआधी आपण सरन्यायाधीशांशी या विषयावर पत्रव्यवहार सुरू करावा आणि तो जनतेसमोर ठेवावा, ही विनंती.

आपली,
कायदा शिकवणारी एक नागरिक, पुणे