शेजारच्या खाटेवरची बंगाली

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "बरी आहे" एवढंच म्हणतेस आणि फोन मावशीच्या हातात देतेस, म्हणून आज लिहायला बसले. तुझे रिपोर्ट मावशीनं पाठवले. वजन वाढतंय, ताप उतरलाय, डॉक्टर समाधानी आहेत. औषधांच्या बाबतीत मी निर्धास्त आहे, कारण तू गोळी चुकवणारी नाहीस. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. टीबी झालाय हे तू कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नाहीस, मैत्रिणींचे फोन उचलत नाहीस आणि मावशीला म्हणालीस, "माझं वर्ष गेलं." हे वाक्य ऐकल्यापासून एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्याच्याबद्दल सांगते.

आजोबांनी दाभणानं शिवून ठेवलेले 'चांदोबा'चे जुने गठ्ठे तुला आठवतातच. विक्रमाच्या खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, भोवती स्मशानातल्या कवट्या आणि साप. ते शंकर यांचं चित्र आलं की तू त्यावर तळहात ठेवून गोष्ट ऐकायचीस, आणि तरी दुसऱ्या दिवशी तीच हवी असायची. हे मासिक मूळचं तेलुगू. 1947च्या जुलैत मद्रासहून 'चंदमामा' निघालं आणि 1952 साली मराठीत 'चांदोबा' होऊन आपल्याकडे आलं. ते काढलं बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी. नागी रेड्डींकडे छापखाना होता, चक्रपाणींकडे गोष्ट. मला सांगायचंय ते चक्रपाणींचं.

त्यांचं खरं नाव आलूरी वेंकट सुब्बाराव. जन्म 1908चा, गुंटूर जिल्ह्यातल्या तेनालीचा. गांधीजींच्या चळवळीच्या वाऱ्यात पोरवयातच हिंदी शिकले. चक्रपाणी हे टोपणनाव त्यांना त्यांच्या हिंदीच्या गुरुजींनी दिलं. (मी आयुष्यभर हिंदी शिकवली, त्यामुळे ही गोष्ट मला विशेष प्रिय आहे.) आणि मग ऐन तारुण्यात, लिहायला नुकती सुरुवात होत असताना, त्यांना क्षय झाला.

1930च्या आसपास क्षय होणं म्हणजे काय होतं, ते तुला कळायला हवं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1940च्या दशकातला. त्याआधी या रोगावर औषधच नव्हतं. कोरडी हवा, दूध, अंडी आणि पडून राहणं, हाच उपचार. काहींच्या छातीत सुईनं हवा भरून फुप्फुस मिटवून ठेवायचे, म्हणजे त्याला विश्रांती मिळेल. चक्रपाणींना मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरमला, मिशनच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं होतं. मदनपल्ली म्हणजे तेच गाव, जिथे 1919 साली रवींद्रनाथांनी 'जन गण मन'चं इंग्रजी भाषांतर केलं. सॅनेटोरियममधून बरं होऊन घरी जाऊ याची खात्री कुणालाच नसायची. घरची माणसं दूर, आणि रोगाचं नाव घेतलं तरी लोक दोन पावलं मागे सरकायचे.

तिथे त्यांच्याबरोबर एक रुग्ण होता, त्याला बंगाली येत होती. त्याच्याकडून चक्रपाणी बंगाली शिकले. नीट, एखादी कादंबरी सरळ वाचता यावी इतकी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. त्या दोघांनी सुरुवात कशी केली असेल? आधी अक्षरं गिरवली असतील की नुसतं बोलत राहिले असतील? त्या माणसाचं पुढे काय झालं असेल, तो बरा झाला असेल का? माझ्या मनात तो चक्रपाणींइतकाच मोठा आहे.

बरे झाल्यावर चक्रपाणींनी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या थेट बंगालीतून तेलुगूत आणल्या, 'देवदास'सुद्धा. आपल्याकडे मामा वरेरकरांनी शरदबाबू मराठीत आणले आणि माझ्या आईच्या पिढीतल्या बायका ती पुस्तकं वाचून रडल्या. तेच तिकडे तेलुगू घरांत घडलं. पुढे तेनालीतून 'युवा' नावाचं मासिक काढलं, स्वतःच्या कथा लिहिल्या. मग सिनेमा.

आणि इथे आपलं कोल्हापूर येतं. 1941चा 'धर्मपत्नी' हा तेलुगू सिनेमा कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनमध्ये तयार झाला. कथा वि. स. खांडेकरांची, तेलुगू संवाद चक्रपाणींचे. तिथून मद्रास, नागी रेड्डींशी जन्माची मैत्री, आणि दोघांची सिनेकंपनी विजया प्रॉडक्शन्स. पहिला सिनेमा 1950चा 'शावुकारू', म्हणजे सावकार. खेड्यातली दोन शेजारची घरं, त्यांचा घरोबा, आणि गावातल्या भांडणापायी त्यात पडणारी फूट. कथा चक्रपाणींचीच होती. नंतर 'पाताळ भैरवी', 'मायाबाजार' हे सगळं आलं. 'मायाबाजार'मधली शशिरेखा म्हणजे आपल्या वत्सलाहरणातली वत्सला. सोलापुरात आपल्या शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली काकू तो सिनेमा टीव्हीवर लागला की हातातलं काम टाकून बसायच्या आणि मला पुढचं आधीच सांगायच्या, तुला आठवत असेल.

पण माझा सगळ्यात आवडता 1955चा 'मिस्सम्मा'. नोकरीसाठी हिंदू मुलगा आणि ख्रिश्चन मुलगी नवरा-बायको असल्याचं सोंग करतात आणि एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक म्हणून लागतात. त्यातून जी मजा होते तिला तोड नाही, आणि दोन धर्मांची माणसं एका छपराखाली किती सहज राहू शकतात ते कुणी भाषण न देता समजतं. चक्रपाणींचं मत पक्कं होतं, लोक दिवसभर राबून थिएटरात येतात, त्यांना हसवून घरी पाठवायचं. हाच सिनेमा हिंदीत 'मिस मेरी' झाला, मीनाकुमारीचा. आता बघ, ही गोष्ट चक्रपाणींना कुठून मिळाली? रवींद्रनाथ मैत्र यांच्या 'मानमयी गर्ल्स स्कूल' या बंगाली नाटकावरून. खाटेवर पडून शिकलेली भाषा सुमारे वीस वर्षांनी त्यांच्या अशी उपयोगी आली.

थांब, लगेच चिडू नकोस. "आजारपणाचं सोनं कर" असलं काही मी सांगत नाहीये. आजारपण वाईटच. तुझ्या गोळ्यांनी तुला मळमळतं, सांधे दुखतात, संध्याकाळी रडू येतं, हे मला ठाऊक आहे. तू बंगाली शिकू नकोस, काहीसुद्धा शिकू नकोस, झोपून राहा. माझं लक्ष त्या शेजारच्या खाटेकडे आहे. चक्रपाणी तिथे भिंतीकडे तोंड करून पडले असते, तर ती भाषा त्यांच्यापर्यंत पोचलीच नसती. कुणीतरी बोललं आणि त्यांनी उत्तर दिलं.

त्यांना घर सोडून सॅनेटोरियमलाच जावं लागलं. तुला मावशीच्या घरी, गॅलरीत बसून बरं होता येतंय. त्यालाही कारण मद्रासच आहे. 1950च्या दशकाच्या अखेरीस, तिकडे विजयाचे सिनेमे बनत होते तेव्हा, त्याच शहरात डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना घरी औषधं दिली. घरी राहून औषधं घेणारे जवळजवळ तितकेच चांगले बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. त्यानंतर रुग्णांना माणसांतून उठवून लांब नेण्याची गरज जगभर कमी होत गेली. आता तूच स्वतःला लांब नेऊन ठेवते आहेस.

तुझ्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय की तुझ्यापासून आता कुणाला धोका नाही. गार्गी तीनदा मावशीच्या दाराशी येऊन गेली, मावशीनं "झोपली आहे" म्हणून परत पाठवली. ते खोटं मावशीलाही बोलवत नाही. गार्गीला खरं सांग. आजाराचं नाव घेऊन सांग. ती मागे सरकणार नाही, मी त्या मुलीला ओळखते. आणि सरकलीच तर तेही कळू दे.

परीक्षेचा अर्ज पुढच्या वर्षी भरता येईल, मी चौकशी केली आहे. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बाबांबरोबर पाठवते. रविवारी सकाळच्या गाडीनं ते निघतील, दुपारी तिथे पोचतील. त्या दिवशी गार्गीलाही जेवायला बोलव, भाकरी जास्तच ठेवते.

तुझी,
आई