आरणीतली सड वाणाच्या चाचणीत मोजा

संपादक महोदय,

वळवाच्या पावसानंतर आरणीतला, म्हणजे शेतावर ढीग करून झाकून साठवलेला, बटाटा सडला की चर्चा शीतगृहाच्या मागणीवर येऊन थांबते. वाणाला कुणी जबाबदार धरत नाही. वाणाच्या माहितीत ‘करपा प्रतिकारक’ असे छापलेले असते, पण तो प्रतिकार पानांचा आहे की बटाट्याचा, हे त्यात नसते. पाला हिरवागार आणि खाली बटाटा नासका, असे होऊ शकते. पानांवरचे करप्याचे बीजाणू पावसाबरोबर मातीत उतरतात आणि उथळ बसलेला बटाटा आधी गाठतात.

ओल्या सडीचे तंत्र वेगळे. ओल्या मातीतून काढलेल्या बटाट्यावर तिळाएवढे पांढरे फुगीर ठिपके दिसतात. ही सालीची उघडी छिद्रे. जिवाणू इथूनच शिरतात. बटाट्यावर पाणी साचले की ऑक्सिजन तुटतो, बटाट्याचा स्वतःचा बचाव ढिला पडतो आणि गराचा लगदा होतो. कोरड्या सडीच्या फ्युजॅरियम बुरशीला मात्र जखम लागते, म्हणजे कुदळीचा घाव किंवा पोते आपटणे.

पैदाशीतली खरी अडचण अशी की बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, एकूण 48. एकाच फळातले प्रत्येक बी वेगळे निघते. पहिल्या वर्षी एका रोपाला मोजकेच बटाटे, आणि सडीची चाचणी बटाटा नासवूनच होते. म्हणून सुरुवातीची निवड आकार आणि रंग पाहून होते, सड तपासायची वेळ येईपर्यंत चिवट रोपे बाद झालेली असू शकतात. तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक ओळीचे (एकाच रोपापासून वाढवलेल्या वाणाच्या उमेदवाराचे) 12 बटाटे सडीच्या चाचणीसाठी राखावेत. एकाच दिवशी काढलेले, सारख्या आकाराचे बटाटे धुऊन सुकवावेत. 10 बटाट्यांना 5 मिलिमीटर खोल जखम करून तीत ओल्या सडीच्या जिवाणूंचे 10 मायक्रोलिटर द्रावण (मिलिलिटरला सुमारे 1 कोटी) सोडावे, उरलेल्या दोघांच्या जखमेत नुसते पाणी. ओलसर बंद डब्यात 25 अंशांना 3 दिवस ठेवून सडका गर खरवडून तोलावा. सोबत तुलनेसाठी कुफरी ज्योती हा प्रचलित वाण हवाच, कारण आकडे फक्त त्याच खेपेत ताडता येतात. थंडीतून थेट आणलेल्या बटाट्यावर दव सुटते आणि निकाल बिघडतो.

रानटी जातींत चांगला प्रतिकार आहे. सोलॅनम ब्रेव्हिडेन्सला तर बटाटेच लागत नाहीत आणि सरळ संकरही जमत नाही, म्हणून संशोधकांनी पेशी जोडून तो गुण आणला. पण रानटी रक्ताबरोबर कडवटपणाही येऊ शकतो. रानटी चाकोएन्सेचा वारसा असलेला अमेरिकेतला लेनापे हा वाण विषारी ग्लायकोअल्कलॉइडमुळे 1970 मध्ये मागे घ्यावा लागला. 100 ग्रॅममागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारी ओळ कितीही टिकाऊ असली तरी टाकूनच द्यावी.

वाणाची शिफारस करताना हेक्टरी उत्पादनाशेजारी आरणीतल्या सडीचा टक्काही छापावा, एवढीच मागणी आहे. तोवर शेतकऱ्यांनी पाला कापल्यावर 10 ते 15 दिवस बटाटा जमिनीतच राहू द्यावा; अंगठ्याने घासून साल निघत असेल तर काढणी लांबवावी.

— बटाटा पैदाशीचा एक अभ्यासक, मंचर, जि. पुणे