जिन्यातलं बटण

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. जिन्यातलं ते काळं गोल बटण बिघडलेलं नाही. कधी खाली केल्यावर दिवा लागतो, कधी वर केल्यावर, कारण माडीच्या दाराशी त्याचा जोडीदार आहे. दोघं मिळून एकच दिवा चालवतात. हे टू-वे बटण. तरी बदलायचंच असेल तर दुकानदार साधं देईल, ते घेऊ नकोस. ६ अँपिअरचं पियानो टाइप टू-वे माग.

टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तपास. मग मेन बंद कर आणि चिनीमातीचे फ्यूज उपसून खिशात घाल. वाड्यात 'लाइट का गेली' म्हणून मेन वर करणारं कुणी ना कुणी असतंच. बटणापाशी पुन्हा टेस्टर लाव, मगच हात घाल.

गोल झाकण उलटं फिरवलं की सुटतं. आतले स्क्रू मोज. दोन म्हणजे साधं, तीन म्हणजे टू-वे. चार निघाले तर त्याच दिव्याला तिसरंही बटण आहे, ते आधी शोध. तिन्ही तारांना चिकटपट्टी लावून १, २, ३ लिही, स्क्रूंनाही तेच आकडे दे. तारांच्या रंगावर विसंबू नकोस. सुटं झालेलं बटण मल्टिमीटरवर (जोडणी असली की 'बीप' करणारं मापक) धर: वर केल्यावर एकाशी आणि खाली केल्यावर दुसऱ्याशी 'बीप' देणारा स्क्रू तो कॉमन. नव्यात बहुधा मधला असतो, तरी तपासच. कॉमनची तार चुकली की माडीवरचं बटण एका बाजूला असेल तेव्हाच खालचं चालतं. तसं झालं तर घोळ कुठे ते कळेल.

तारा मात्र वाकवू नकोस. सुती विणीखालचं रबर इतकं वाळलेलं असतं की त्याचा काळा भुगा बोटांना लागतो. असा भुगा पडला तर चिकटपट्टीने भागवू नकोस, तिथेच थांब. 'सगळं वायरिंग उपटा' हा तुझ्या बाबांचा नेहमीचा सल्ला तेव्हा खरा धरायचा.

आणि वायरमनला एक विचार. काही जुन्या घरांत तार वाचवायला दोन्ही बटणांत फेज (करंटची तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्ही नेलेले असतात. तिथे दिवा बंद असतानाही होल्डरच्या दोन्ही टोकांना करंट असू शकतो. तसं निघालं तर नुसतं बटण बदलून चालणार नाही, जिन्याची तार नव्याने ओढून घे. पैसे मी पाठवते.

तुझी आई