एकाच गळ्यातून खोकला आणि तान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान दोनवर मैदानावरच्या त्या गाण्यांच्या कार्यक्रमाची बातमी वाचली. 'सुरांच्या वर्षावात परभणीकर चिंब' असं शीर्षक होतं. आपला बातमीदार कुठल्या रांगेत बसला होता, कुणास ठाऊक. मी नातवाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर होतो आणि चिंब झालोच असेन तर घामानं. ते सूर नक्की कुणाचे होते, एवढंच विचारायला हे पत्र लिहितोय.

तिसरं गाणं चालू होतं. गायक महाशय पळत स्टेजच्या टोकाला आले. तिथल्या धूर सोडणाऱ्या यंत्राचा लोट नेमका त्यांच्या तोंडावर आला आणि त्यांना ठसका लागला. होतं असं, माणूस आहे. चांगले दोन-तीनदा खोकले. खोकला सगळ्या मैदानाला ऐकू आला, म्हणजे माइक चालू होता. आणि खोकला चालू असतानाच त्यांच्याच आवाजातली तान वर चढली, एक गिरकी घेतली आणि बिनबोभाट समेवर येऊन बसली. मी पंचावन्न वर्षं पेटी वाजवतोय. एकाच गळ्यातून एकाच वेळी खोकला आणि तान निघालेली आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. भल्याभल्या घराण्यांना हे जमलेलं नाही. आपल्या बातमीत याचा उल्लेख कसा राहिला, याचं नवल वाटतं.

नातवाला विचारलं तर म्हणाला, "आबा, खाली ट्रॅक असतो. सगळेच लावायलेत. तुम्ही लाइट बघा ना, गळा काय बघायलात?" ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं संगीत, मलाही माहीत आहे. मायनस ट्रॅक म्हणजे गाण्यातून गायक वजा. वाजवणारे परवडत नाहीत म्हणून हल्ली लग्नकार्यात ट्रॅकवर गातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण निदान गातात तरी. इथं ट्रॅकमध्ये गायकसुद्धा भरलेला. मग स्टेजवर उड्या मारणारा माणूस कशासाठी होता? नऊशे नव्याण्णव रुपये कशाचे घेतले?

नातू वकिलीला बसवावा असा आहे. म्हणाला, "तुमच्या पिक्चरमधला हिरो तरी कुठं गायचा?" बरोबर आहे, नाही गायचा. पण गाणं कुणाचं, ते आम्हाला माहीत असायचं आणि हिरोच्या गळ्याचं तिकीट कुणी विकत नव्हतं. आणि हेही सांगून टाकतो, आम्ही ऑर्केस्ट्रावाले काही मोठे कलावंत नव्हतो. दुसऱ्यांचीच गाणी म्हणायचो, नकलाच करायचो. पण ती नक्कल आमच्या आमच्या गळ्यानं आणि हातानं करावी लागायची आणि चुकली की चारचौघांत चुकायची.

ते सूर सरळ करणारं ऑटोट्यून म्हणून काहीतरी आहे, त्याची माहिती नातवानंच दिली. १९९७ साली बाजारात आलं म्हणे. ते काढणारा अमेरिकन माणूस आधी तेलाच्या धंद्यात होता. जमिनीच्या पोटात ध्वनिलहरी सोडायच्या, त्या परत कशा येतात याचं गणित मांडायचं आणि तेल कुठं आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. तेच गणित त्यानं पुढं गळ्याला लावलं. त्यापेक्षा आमच्याकडं आला असता तर चार बोअरना पाणी तरी लागलं असतं. आमच्या गल्लीत साडेतीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. १९८० साली जुलैच्या ३१ तारखेला रफीसाहेब गेले. दीडेक महिन्यानं गणपती आले आणि त्या वर्षी एकूण एक मंडळाला रफीच पाहिजे होता. आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे सहा माणसं, एक बेंजो, एक पेटी, बोंगो आणि ढोलक. गाणारा दिवसा शिलाई मशीनवर बसायचा. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कपड्याचा मास्तर म्हणूनही आणि गाण्याचा म्हणूनही. सेलूत एक रात्र, जिंतूरला एक, गंगाखेडला एक असं ओळीनं गाऊन चौथ्या रात्री आम्ही मानवतच्या मोंढ्यात पोचलो. मास्तरचा गळा तोवर पार बसला होता. दिवसभर कोमट पाणी पिऊन गप्प होता, खुणेनं बोलायचा.

पहिली चार गाणी त्यानं कशीबशी काढली. पाचवं आम्ही नेहमीप्रमाणं काळी दोन या पट्टीत धरलं. दुसऱ्या अंतऱ्याला आवाज वर जायचा, तिथं तो फाटला. फाटला म्हणजे कापड टरकन फाटावं तसा. बेंजोवाला तसाच पुढं निघाला होता, मास्तरनं हात वर करून त्याला थांबवलं. आणि माइकवर, सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "माफ करा मंडळी, गळा बसलाय. खालून घेतो."

माझ्या पोटात गोळा आला. आजच्या कीबोर्डला बटण दाबलं की पट्टी बदलते. पेटीवर बोटांचा सगळा नकाशा बदलतो. बसवलेलं गाणं ऐनवेळी खालच्या काळी एकमध्ये घ्यायचं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलण्यासारखं. पहिल्या दोन ओळी मी सपशेल चुकलो. कुणी हसलं नाही. मागं पोत्यांच्या थप्पीवर हमाल बसले होते, त्यांच्यातला एक ओरडला, "घ्या मास्तर सावकाश, आमाला कुठं गाडी धरायचीय!" पुढच्या रांगेतून कुणीतरी कागदाच्या पुडीत चार लवंगा वर पाठवल्या. (पुडी वर्तमानपत्राची होती. आपल्याच की काय, ते पाहायचं राहिलं.) मास्तरनं दोन गालात धरल्या, दोन मला दिल्या, जणू माझाही गळा बसला होता. मग तो खालच्या पट्टीत गायला. आवाज खरबरीत, वरची जागा नाहीच, तिथं त्यानं नुसता श्वास सोडला. ती मोकळी जागा मोंढ्यातल्या लोकांनी गुणगुणून भरली. कुणी हात वर करा म्हटलं नव्हतं, 'पुट युअर हँड्स अप' म्हटलं नव्हतं.

त्या रात्रीचे माझ्या वाट्याला वीस रुपये आले. मास्तर पुढं आठवडाभर बोलू शकला नाही, ब्लाउजची मापं पाटीवर लिहून घ्यायचा.

परवाच्या पाहुण्यांनाही गळा असेलच की. ठसका लागला तेव्हा थांबले असते, पाणी प्याले असते, 'पुन्हा घेतो' म्हणाले असते, तर मी पहिल्यांदा टाळी दिली असती. त्यांनी काय केलं? समोरच्या पोराचा मोबाइल घेऊन त्यात सेल्फी काढली. गाणं चालूच. मग पायाशी ठेवलेल्या पडद्यावर वाचून 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणाले. त्यावर अख्खं मैदान उभं राहिलं, माझ्या नातवासकट. हे वाक्य आम्ही एकमेकांची टर उडवायला वापरतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

हे तरुणांच्या विरुद्ध लिहितोय असं कृपया छापू नका. तुराबुल हक बाबांच्या उरुसात आजही तरुण कव्वाल बसतात, घसा ताणून गातात, घाम पुसतात, चुकतात, हसून पुन्हा धरतात. सप्ताहात विशी-पंचविशीचे टाळकरी तास न् तास उभे असतात. (सप्ताहातही आता भोंग्याला इको सोडायलेत. त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

आणखी एक. कार्यक्रमाची वेळ सातची होती. सोफ्यावरची मंडळी आली सव्वाआठला. पुढं पाऊण तास शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मी सतरा शाली मोजल्या. नवाला सुरू झालेलं गाणं दहाला बंद, कारण रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी. नियम चांगला आहे, माझा त्याला पाठिंबाच आहे. पण तो नेहमी गाण्यालाच आडवा कसा येतो, सत्काराला कसा येत नाही? आपल्या बातमीत सत्कारमूर्तींची नावं अकरा ओळींत आहेत. ढोलक वाजवणाऱ्या पोराचं एकही नाही. तो एकटाच खरं वाजवत होता, मी कान देऊन ऐकलंय.

शेवटचं. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ते नेमकं त्याच रात्री साडेआठला आलं. आम्ही घरी कुणीच नव्हतो, शाली मोजत होतो. आता पुढची पाळी येईपर्यंत टाकीत खडखडाट आहे. तेव्हा शीर्षकातला 'चिंब' हा शब्द आपण निदान आमच्या गल्लीपुरता तरी मागे घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक जुना पेटीवाला (वय ७१), परभणी